वाळवंटी घर आणि कोल्हापूर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कोल्हापुरात घर बांधायला निघालेल्या माणसाच्या मोबाइलमध्ये हल्ली जैसलमेरच्या हवेल्यांचे नाहीतर मोरोक्कोतल्या मातीच्या घरांचे फोटो असतात. जत-आटपाडीकडच्या मंडळींना आपलं गाव म्हणजे वाळवंटच वाटतं. विटा-खानापूर भागातल्या गलाईवाल्यांचा (सोनं-चांदी गाळणाऱ्यांचा) धंदा देशभर, त्यामुळे त्यांच्यातल्या कुणाला खरोखरच जोधपूर-बिकानेरला घर बांधायचं असतं. प्रश्न सगळ्यांचे साधारण तेच, उत्तरं मात्र गावागणिक बदलतात. पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केलेत. एकाच गोष्टीचा काथ्याकूट दोनदा नको म्हणून जागोजागी दुसऱ्या प्रश्नाचा क्रमांक दिलाय.

१. वाळवंटातलं घर एसीशिवाय गार राहतं म्हणतात. त्यात नेमकं असतं काय?

सगळी भिस्त दोन गोष्टींवर असते: दिवसाच्या मानानं गार रात्र आणि कोरडी हवा. मे महिन्यात जैसलमेरला दुपारी ४२ अंश असतात आणि पहाटे २६-२७. म्हणजे पंधरा अंशांचा फरक. जाड भिंत दिवसभर ऊन पिते, ते आत पोचेपर्यंत रात्र होते, मग दारं-खिडक्या उघडून घर निववून घ्यायचं आणि सकाळी पुन्हा बंद करायचं. हवा कोरडी असल्यानं पाणी झटकन वाफ होऊन उडतं आणि उडताना गारवा देतं. माठ, वाळ्याचे ओले पडदे, चौकातलं कारंजं, सगळ्यांमागे हेच आहे.

लहान खिडक्या, जाळ्या, चिकटून असलेली घरं, अरुंद गल्ल्या हे सगळं या दोन गोष्टींना मदत करायला आलं. त्या दोन नसतील, तर जाळी निव्वळ शोभेची.

२. मग कोल्हापूर कशात मोडतं?

अर्ध्यात. मार्चमध्ये इथे दुपारी ३५-३६ आणि पहाटे १८-१९ अंश असतात, हवा कोरडी असते. हे वाळवंटाचंच गणित. जुलैत दुपारी २६-२७ आणि पहाटे २१-२२. फरक जेमतेम पाच अंशांचा, आर्द्रता ८०-९० टक्के. हे झालं कोकणाचं गणित. म्हणून कोल्हापूरचं घर मार्च ते मे वाळवंटी आणि जून ते सप्टेंबर कोकणी असावं लागतं. खाली जे काही सांगितलंय ते या एका वाक्यावर उभं आहे.

शहरात वर्षाला साधारण १,००० मिमी पाऊस पडतो. गगनबावड्यात ५,००० मिमीच्या वर, आणि पूर्वेला शिरोळकडे शहराच्या निम्म्याच्या आसपास. एकाच जिल्ह्यात एवढा फरक असताना 'कोल्हापूरसाठी बेस्ट डिझाइन' असा काही प्रकार नसतो, कुणी कितीही छाती ठोकून सांगितलं तरी.

३. आमचं गाव जत तालुक्यात. पाऊस नावालाच. सरळ राजस्थानी पद्धतीनं बांधू का?

बऱ्याच अंशी हो. जाड भिंती, छोट्या खिडक्या, चौक, पाण्याची टाकी, हे सगळं तिकडे चालतं. आपल्या माणदेशातली जुनी माळवदाची (मातीच्या सपाट छताची) घरं याच जातीची होती. दोन ठिकाणी मात्र थांबा. एक, तिकडचा पाऊस थोडा असला तरी परतीचा पाऊस सप्टेंबर-ऑक्टोबरात एका रात्रीत झोडपून जातो. छताला उतार आणि पन्हळ हवीच. दोन, सूर्य. राजस्थानातला नकाशा जसाच्या तसा उचलला तर उत्तरेची बाजू फसते (प्रश्न ४).

बांधायच्या आधी एक स्वस्तातलं काम करा. प्लॉटवर, नाहीतर शेजारच्या घराच्या सावलीतल्या ओट्यावर, किमान-कमाल तापमान दाखवणारा थर्मामीटर टांगा. मार्च ते जुलैच्या मध्यापर्यंत रोजचे दोन आकडे वहीत लिहा. फरक दहा अंशांच्या वर आहे तोवर जाड भिंत तुमच्या बाजूनं, त्याखाली आला की वारा तुमच्या बाजूनं. ती वही आर्किटेक्टसमोर ठेवा.

४. घराचं तोंड आणि खिडक्या कुठल्या दिशेला?

जैसलमेर जवळजवळ २७ अंश उत्तर अक्षांशावर, म्हणजे कर्कवृत्ताच्या वर. तिथे भर दुपारचा सूर्य कधीच उत्तरेला जात नाही. कोल्हापूर १६.७ अंशांवर. मेच्या पहिल्या आठवड्यात सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि ऑगस्टच्या सुरुवातीपर्यंत दुपारचा सूर्य किंचित उत्तरेकडेच राहतो. 'उत्तरेला ऊन येत नाही, तिकडे मोठी काच लावा' हे मासिकातलं वाक्य इथे मे महिन्यात खोटं ठरतं.

घराच्या लांब बाजू उत्तर-दक्षिणेला ठेवा, आखूड बाजू पूर्व-पश्चिमेला. दक्षिणेच्या चार फुटी खिडकीला दीड फुटाचा छज्जा असला तरी मार्च ते सप्टेंबर दुपारचं ऊन आत येत नाही. पावसासाठी मात्र तो दोन-अडीच फूट करा. उत्तरेच्या खिडकीवरही छज्जा हवा. डिसेंबरात दुपारचा सूर्य दक्षिणेला ५० अंशांवर असतो, तेव्हा थोडं ऊन आत येतं आणि ते हवंहवंसं वाटतं. पश्चिमेचं प्रकरण निराळं आहे, त्यासाठी प्रश्न ११.

५. हे सगळं वास्तुशास्त्रात बसेल का?

बहुतेक बसतं. नैर्ऋत्येला जड भिंत, कपाटं, जिना ठेवा म्हणतात. दुपारच्या उन्हासाठी आम्हीही तेच सांगतो. कुठे अडलंच, तर स्वयंपाकघराची खिडकी कुठे असावी यावरून घरात भांडण होतं, आणि त्यात आम्ही पडत नाही.

६. भिंत किती जाड ठेवू? गवंडी म्हणतो नऊ इंच भरपूर झाले.

नऊ इंची विटेच्या भिंतीतून ऊन आत यायला साधारण सहा-सात तास लागतात. आता हिशोब करा. पश्चिमेची भिंत दुपारी तीन-चारला सर्वात जास्त तापते. ती आत उष्णता सोडते रात्री नऊ-दहाला, म्हणजे अंथरूण घालायच्या वेळी. दीड फुटी दगडी किंवा मातीच्या भिंतीला दहा-बारा तास लागतात. तोवर पहाट होते, खिडक्या उघड्या असतात, बाहेर गार असतं. जोधपूरला म्हणूनच सगळीकडून दीड फूट परवडतं.

कोल्हापुरात चारी भिंती दीड फुटी केल्या तर मे सुखात जातो आणि ऑगस्ट वाईट जातो. जाड भिंत एकदा पावसात भिजली की दिवाळीपर्यंत सुकत नाही. असल्या घरात ऑगस्टमध्ये कपाट भिंतीपासून ओढा आणि मागे हात फिरवा: फळीच्या पाठीवर हिरवट-काळी बुरशी, बोटाला बुळबुळीत पापुद्रा, आणि वरच्या कप्प्यातल्या पैठणीच्या घडीवर पांढरे ठिपके.

आमचा सल्ला: तीन बाजू नऊ इंची आणि फक्त पश्चिमेला जाडी. त्याहून चांगलं म्हणजे पश्चिमेला जिना, बाथरूम, अडगळीची खोली टाकायची. ऊन त्यांनी सोसावं. विटा उभ्या लावून आत पोकळी ठेवणारी रॅट ट्रॅप पद्धत आर्किटेक्ट लॉरी बेकर यांनी केरळात रुजवली. तीत सुमारे पाव विटा वाचतात आणि पोकळीमुळे ऊन कमी येतं. आपल्याकडच्या गवंड्यांना सुरुवातीला ती अवघड वाटते, पण पहिले चार थर समोर उभं राहून लावून घेतले की हात बसतो. कपाट कुठल्याही बाहेरच्या भिंतीला चिकटवू नका, तीन इंच सोडा.

७. मातीचं घर बांधायचंय. शेतातली माती चालेल?

काळी असेल तर नाही. शिरोळ, हातकणंगले भागातली काळी माती पावसात फुगते आणि उन्हात अशी भेगाळते की भेगेत हात जातो. तिची भिंतही तडकते आणि तिच्यावरचा पायाही. तिथे पाया मुरूम लागेपर्यंत खाली न्या किंवा इंजिनियर सांगेल तसे पाइल घ्या.

तांबडी, थोडी वाळूसर माती असेल तर घरीच बघा. काचेच्या बरणीत तिसरा हिस्सा माती, वर पाणी, चिमूटभर मीठ; खळाखळा हलवा आणि दिवसभर ठेवा. खाली वाळू बसते, मध्ये गाळ, वर चिकणमाती. वरचा थर पंधरा-वीस टक्के असेल, तर पाच ते आठ टक्के सिमेंट घालून यंत्रात दाबलेल्या विटा चांगल्या होतात. भाजायला जळण लागत नाही.

इजिप्तमध्ये आर्किटेक्ट हसन फथी यांनी १९४० च्या दशकात कच्च्या विटांचं गाव उभं केलं, नव गुर्ना. तिथे पाऊस जवळपास पडतच नाही. आपल्याकडे मातीच्या भिंतीला दोन फुटांचं दगडी जोतं आणि वर तीन फूट पुढे आलेली वळचण लागते. पश्चिमेकडच्या राधानगरी, शाहूवाडीत जांभा हाताशी असताना मातीचा हट्ट कशाला, असं आमचं मत आहे. पूरपट्ट्यात तर प्रश्नच नाही (प्रश्न १७).

८. आजोबांच्या घरासारखं माळवद करता येईल का? आत किती गार असायचं!

गार असायचं, खरंय. पण ३० सप्टेंबर १९९३ ची किल्लारीच्या भूकंपाची पहाट विसरून चालणार नाही. मातीच्या गाऱ्यात रचलेल्या जाड दगडी भिंती आणि वर दरवर्षी थर चढवत नेलेलं मातीचं छप्पर, या जोडीनं हजारो माणसं झोपेत गाडली. भिंतीच्या आतल्या आणि बाहेरच्या दगडांना बांधणारे आडवे दगडच नव्हते. धक्का बसल्यावर भिंत मधून फाटली आणि टनावारी माती खाली आली. कोयनेचा १९६७ चा भूकंप तर आपल्या उंबऱ्यातला.

उलट कच्छमधले भुंगे (तिथली पारंपरिक घरं) बघा: गोल, बुटक्या भिंती, वर गवताचं हलकं छप्पर. २६ जानेवारी २००१ च्या भूकंपात ते बऱ्यापैकी टिकले.

गारवा हवाय ना, तो छतावर वजन न टाकताही मिळतो, प्रश्न ९ मध्ये बघा. मूळ माळवद जपायचंच असेल तर वरची जुनी माती उतरवून हलकी करा आणि भिंतींना चारी बाजूंनी काँक्रीटचा पट्टा बांधून घ्या. हे काम गवंड्याच्या अंदाजावर सोडू नका, स्ट्रक्चरल इंजिनियर आणा.

९. स्लॅबचं घर आहे. वरच्या मजल्यावर एप्रिलमध्ये पंखा गरम हवा फेकतो. उपाय?

आमच्याकडे सर्वांत जास्त येणारा प्रश्न हाच. पाच इंची स्लॅबमधून ऊन तीन-चार तासांत खाली उतरतं, आणि प्रश्न ४ मध्ये म्हटल्याप्रमाणे मेमध्ये सूर्य सरळ डोक्यावर. भिंतींवर पैसे घालवण्याआधी छत धरा.

सगळ्यात स्वस्त म्हणजे चुना. शिमगा झाला की गच्ची झाडून धुऊन चुन्यात थोडा फेविकॉल मिसळून दोन हात मारायचे. एका दिवसाचं काम. फरक त्याच रात्री कळतो. पावसात तो धुऊन जातो, पुढच्या वर्षी पुन्हा. कायमचं हवं असेल तर पांढऱ्या फुटक्या टाइल्सचा चायना मोझॅक, खाली वीटकोबा (विटांच्या तुकड्यांचा थर), आणि दहा फुटाला एक-दीड इंच उतार. पांढरी गच्ची दुपारी डोळ्यांना टोचते, वाळवण घालणाऱ्या सासूबाई कुरकुर करतील. त्यांना एक कोपरा लाल कोब्याचा ठेवून द्या.

गच्चीवर पत्र्याचं शेड कोल्हापुरात जवळपास प्रत्येकजण उभारतो. सात-आठ फूट उंच आणि बाजूंनी मोकळं असेल तर ती उत्तम छत्री आहे. बाजूही पत्र्यानं बंद केल्या की भट्टी. महापालिकेची परवानगी आधी बघा.

नवीन स्लॅब टाकत असाल तर फिलर स्लॅबचा विचार करा: स्लॅबच्या खालच्या भागात, जिथे काँक्रीट फारसं काम करत नाही, तिथे मंगळुरी कौलांच्या जोड्या ठेवायच्या. काँक्रीट वाचतं, कौलांमधल्या हवेनं ऊन अडतं, आणि खालून छत दिसतंही सुंदर. सळई कुठे किती हे इंजिनियरनंच ठरवायचं.

१०. घरात मध्ये चौक हवाच आहे. कोल्हापुरात जमेल?

जमायला काय, जुन्या पेठांतल्या वाड्यांना होताच की. वाळवंटात चौक अरुंद आणि खोल असतो. दिवसभर सावली, आणि रात्री गच्चीवरून खाली उतरलेली गार हवा त्यात साठून राहते. आपल्या वाड्यांनी तोच चौक घेतला आणि भोवती उतरती कौलं लावली, म्हणजे वाळवंट मध्ये आणि कोकण कडेला.

फसगत पाण्यात होते. १० बाय १० फुटांच्या चौकात एक इंच पाऊस म्हणजे २३५ लिटर पाणी, आणि भोवतालची कौलं आत उतरत असतील तर त्याच्या कितीतरी पट. चौकाची जमीन घरापेक्षा सहा इंच खाली, चार इंची दोन नळ (एक तुंबला तर दुसरा), आणि नळाच्या तोंडाशी काढता येणारी जाळी. भोवतीनं तीन फुटांची ओसरी सोडा, नाहीतर जुलैत स्वयंपाकघरातून देवघरात जायला छत्री लागेल.

पाऊस नको म्हणून बरेच जण वर पॉलिकार्बोनेटचा पारदर्शक पत्रा घट्ट बसवतात. मग ते काचेचं झाकण घातलेलं भांडंच होतं. अशा घरात एप्रिलच्या दुपारी दोनला वरच्या मजल्यावर, जिन्याच्या शेवटच्या पायरीवर उभं राहून बघा. टाळू भाजते आणि खाली हॉलमध्ये त्याच वेळी पंखा फुल असतो. झाकायचंच तर छत भिंतीपेक्षा दोन फूट वर उचला, चारी बाजू जाळीनं मोकळ्या ठेवा, आणि कडा दोन फूट बाहेर काढा. चोराची भीती असेल तर लोखंडी ग्रिल.

प्लॉट दीड हजार चौरस फुटांपेक्षा लहान असेल तर चौकाचा नाद सोडा आणि प्रश्न १८ वाचा.

११. पश्चिमेला खिडकी ठेवावी की नाही? एकजण हो म्हणतो, एकजण नाही.

दोघंही बरोबर आहेत, म्हणूनच अवघड. कोल्हापुरात पश्चिमेकडून तीन गोष्टी येतात: दुपारचं ऊन, उन्हाळ्यातल्या संध्याकाळचा समुद्राकडचा वारा, आणि पावसाची झड. जोधपूरला हा पेच नाही. तिकडून लू आणि धुळीची आंधी येते, पश्चिम सरळ बंद करायची. इथे पश्चिम बंद केली तर एप्रिलमध्ये संध्याकाळी घामाघूम व्हाल.

सगळ्यात चांगलं उत्तर म्हणजे पश्चिमेला सहा-आठ फूट खोल सोपा (ओसरी), छप्पर पुढे खाली उतरलेलं. ऊन सोप्यात अडतं, झड सोप्यात अडते, वारा आत येतो. जागा नसेल तर खिडकी उभी आणि अरुंद घ्या, वर लाकडी लूव्हर (तिरप्या पट्ट्यांची झरोकी), खाली उघडणारी झडप. बाहेरच्या पाटाला बाहेर उतार हवा, आणि छज्जाच्या खालच्या कडेला अर्ध्या इंचाची खाच, म्हणजे पाणी छज्जाच्या पोटानं सरकत चौकटीकडे येत नाही. ही खाच गवंडी हमखास विसरतात. गिलावा ओला असतानाच बघून घ्या, नंतर फोडाफोडी.

मार्च ते मे बाहेरून बांबूच्या तट्ट्या किंवा वाळ्याचे पडदे टांगा. आतल्या पडद्याचा उपयोग थोडा; काचेतून ऊन एकदा आत आलं की आलं. वळीव सुरू झाला की तट्ट्या उतरवून ठेवा, कुजतात.

१२. इराणसारखा वाऱ्याचा मनोरा, बदगीर, बांधता येईल?

येझ्दचे बदगीर बघण्यासारखेच आहेत. तिथल्या दौलताबाद बागेतला सुमारे ३३ मीटर उंच आहे. उंचावरचा वारा खाली ओढायचा, वाटेत पाण्यावरून न्यायचा. सिंधमधल्या हैदराबादेत घरोघरी छपरांवर नैर्ऋत्येकडे तोंड केलेली वाऱ्याची शिडं असायची. इथे तसं तोंड पश्चिमेला केलं तर जूनच्या पहिल्या आठवड्यात मनोऱ्यातून पाऊस थेट हॉलमध्ये.

त्याऐवजी जिन्यावरची खोली वापरा. ती तशीही बांधताच. तिच्या पूर्वेच्या भिंतीत छताला लागून लूव्हर ठेवा. गरम हवा जिन्यातून वर चढते आणि तिथून बाहेर पडते, खालच्या खिडक्यांतून गार हवा आत येते. खर्च एका खिडकीचा.

१३. कूलर घेऊ की एसी?

हवा ४० अंश आणि आर्द्रता २० टक्के असेल, तर चांगला कूलर २६-२७ अंशांची हवा देतो. ३६ अंश आणि ५० टक्के असेल तर २९-३०. जूनमध्ये ३० अंश आणि ८० टक्क्यांना तो फक्त अंग चिकट करतो. म्हणजे कोल्हापुरात मार्च-एप्रिल कूलरचे, वळीव सुरू झाला की त्याचा जोर ओसरला. मोठा कूलर तासाला पाच-दहा लिटर पाणी पितो, टँकरच्या गावात हेही मोजा. कूलर लावताना समोरची खिडकी उघडी हवी; बंद खोलीत कूलर म्हणजे वाफारा.

एसी घ्यायचाच तर एका खोलीत, घरातल्या म्हाताऱ्यांच्या किंवा बाळाच्या, आणि आधी त्या खोलीचं छत नीट करून (प्रश्न ९).

१४. राजस्थानी टांका घराखाली बांधायचा आहे. किती मोठा?

टांका म्हणजे जमिनीखालची झाकलेली टाकी. अंधार असल्यानं शेवाळ धरत नाही. हिशोब सोपा आहे: छताचं क्षेत्रफळ चौरस मीटरमध्ये, गुणिले पाऊस मिमीमध्ये, गुणिले ०.८. शंभर चौरस मीटर छतावर जैसलमेरला २०० मिमी धरले तर वर्षाला १६,००० लिटर, जोधपूरला ३५० धरले तर २८,०००, आणि कोल्हापूर शहरात ८०,०००.

म्हणून जोधपूरला पडेल तो थेंब साठवा. कोल्हापुरात ८०,००० लिटरची टाकी बांधणं वेडेपणा. टाकीच्या खर्चात गाडी येईल. पाच माणसांना पिण्या-स्वयंपाकाला रोज ३० लिटर धरले, तर ऑक्टोबर ते मे ७,२०० लिटर लागतात. दोन मीटर लांब, रुंद आणि खोल टाकी म्हणजे ८,००० लिटर. तेवढी पुरे. उरलेलं पाणी गाळून आडात किंवा बोअरशेजारच्या खड्ड्यात सोडा.

पहिल्या एक-दोन पावसांचं पाणी बाहेर जाऊ द्या. टाकीचं झाकण घट्ट, हवेच्या नळीला डासजाळी. शौचखड्ड्यापासून लांब आणि चढाच्या बाजूला. टाकी घराच्या पायाला लागून नको. जैसलमेरच्या किल्ल्यात नळाचं पाणी आल्यावर जे झिरपायला लागलं, त्यानं शतकानुशतकं उभे असलेले बुरूज ढासळले.

१५. सांडपाण्याचं काय करायचं? आणि लॉन लावू का?

लॉन नको. जोधपूरला तर अजिबात नको. तिथे खेजडी, रोहिडा, बोर लावा. इकडे मोरीचं पाणी परड्यात केळी, अळू, कर्दळीला सोडायची आपली रीत अजून तितकीच चांगली आहे. फक्त खरकट्याचं तेलकट पाणी आधी छोट्या टाकीत थांबवून तवंग काढा आणि साबण बेताचा वापरा. पश्चिमेला कडुलिंब, करंज किंवा बहावा. काळ्या जमिनीत झाड पायापासून वीसेक फूट लांब, मुळं पाणी ओढतात तशी माती आक्रसते.

१६. सोलर बसवतोय. साखर कारखान्याच्या काजळीनं पॅनेल काळे होतात, मग फायदा काय?

फायदा आहे. एक किलोवॅट वर्षाच्या सरासरीनं रोज चारेक युनिट देतं, जुलै-ऑगस्टमध्ये बरंच कमी. पॅनेल दक्षिणेकडे तोंड करून पंधरा-सतरा अंशांच्या उतारानं लावा; जैसलमेरला तोच उतार सत्तावीस. २०२४ साली सुरू झालेल्या पंतप्रधान सूर्यघर योजनेत घरगुती ३ किलोवॅटला ७८,००० रुपयांचं अनुदान ठेवलेलं आहे; अर्ज केंद्राच्या पोर्टलवर करायचा, मीटरचं काम महावितरणकडे.

काजळीचा त्रास गाळपाच्या हंगामात, म्हणजे नोव्हेंबर ते मार्च, आणि तेव्हाच ऊन चांगलं असतं. आठवड्यातून एकदा पहाटे, पॅनेल गार असताना, मऊ कापड आणि साध्या पाण्यानं पुसा. काजळी तेलकट, कोरडी घासली तर काचेवर ओरखडे येतात. राजस्थानात धूळ कोरडी असते, तिथे मऊ ब्रशनं भागतं. पॅनेल गच्चीपासून सात फूट वर घेतले तर खाली सावलीही मिळते, प्रश्न ९ चं अर्धं काम झालं.

१७. प्लॉट पंचगंगेजवळ आहे. यातलं काय लागू पडतं?

आधी पूररेषेचा नकाशा बघा. निळी रेषा साधारण पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या. निळ्या रेषेच्या आत नव्या घराला परवानगी मिळत नाही. दोन्हींच्या मध्ये जोतं लाल रेषेच्या पातळीच्या वर घ्यावं लागतं. राजाराम बंधाऱ्यावर धोक्याची पातळी ४३ फूट. २०१९ आणि २०२१ मध्ये पाणी ५५ फुटांच्या वर गेलं होतं. एजंट काय सांगतो ते सोडा, शेजारच्या जुन्या घराच्या भिंतीवरची पाण्याची रेघ बघा.

अशा ठिकाणी मातीची भिंत नको, जमिनीखालचा टांका नको (पुराचं पाणी आत शिरतं), खालच्या मजल्यावर विजेची पेटी नको. चौक आणि पांढरी गच्ची चालते.

१८. जागा एक गुंठाच आहे, दोन्ही बाजूंना चिकटून घरं. आमच्यासाठी काहीच नाही का?

उलट तुम्हीच वाळवंटी शहराच्या सर्वांत जवळ आहात. जैसलमेरची घरं मुद्दाम एकमेकांना चिकटलेली आहेत. दोन भिंतींवर ऊन पडतच नाही. तुम्हाला फक्त छत, पुढची आणि मागची बाजू सांभाळायची आहे. मागे तीन-चार फुटांचं परडं काहीही झालं तरी झाकू नका, जिना मध्ये घ्या आणि प्रश्न १२ मधली युक्ती करा. पुढून मागे वारा आरपार जाईल अशी दारं एका रेषेत.

१९. जोधपूरला घर बांधतोय. कोल्हापूरचा गवंडी घेऊन जाऊ का? विश्वासाचा आहे.

गिलाव्याला आणि फरशीला न्या, भिंत आणि छत तिथल्या माणसांकडूनच. तिथे दगड मुबलक आणि वीट महाग. छतालाही दगडाच्या लांब पट्ट्या टाकतात, ते कसब वेगळं आहे. आपल्या माणसाला सवयीनं अडीच फुटी छज्जे आणि मोठ्या खिडक्या काढायचा मोह होईल. तिथे खिडक्या लहान, दारांच्या फटी बंद, पश्चिम बंद, आणि गच्चीवर झोपण्यासाठी चारी बाजूंनी जाळीचा कठडा. सिमेंटच्या कामावर पाणी मारायला दोन्हीकडे कंटाळा करतात. तिथल्या उन्हात तो जास्त महागात पडतो.

२०. घर बांधून झालंय. तोडफोड न करता काय करू, आणि कुठल्या क्रमानं?

आधी गच्चीला चुना. मग पश्चिमेच्या खिडक्यांबाहेर तट्ट्या. मग जिन्याच्या वर लूव्हर. मग झाड. आणि उन्हाळ्यात खिडक्या सकाळी दहाला बंद, संध्याकाळी सहानंतर उघड्या. याला खर्च शून्य, तरी घरातली माणसं ऐकत नाहीत. जूनपासून नियम उलटा: दिवसभर उघडं, फक्त झडीच्या बाजूचं बंद.

२१. तुम्ही म्हणता तसंच सगळं केलं, तरी पहिला उन्हाळा दमटच गेला. का?

नव्या भिंतींत, गिलाव्यात आणि कोब्यात बांधकामाचं पाणी असतं. ते पूर्ण सुकायला वर्ष जातं, जाड भिंतीला त्याहून जास्त. पाडव्याला वास्तुशांत करून लगेच राहायला गेला असाल तर ते पाणी तुमच्यासोबत घरात आहे. पहिल्या वर्षी बाहेरून ऑइल पेंट किंवा वॉटरप्रूफ लेप मारू नका, वॉलपेपर नको, कपाटं भिंतीपासून सुटी ठेवा, कोरड्या दिवसांत खिडक्या जास्तीत जास्त उघड्या. दुसऱ्या उन्हाळ्यातही तसंच राहिलं तर नळ-पाइप गळतोय का हे तपासा. पाण्याच्या मीटरचा आकडा रात्री झोपताना लिहा, सकाळी नळ उघडायच्या आधी पुन्हा बघा. सरकला असेल तर गळती मीटरच्या पुढे, तुमच्याच हद्दीत आहे, आणि प्लंबर आधी बोलवा, रंगारी नंतर.